आठ दातांची मगर

सव्वीस वर्षांत टाचणीच्या दुकानातून एकही काम अर्धवट परत गेलं नव्हतं. उसवलेले खिसे, अडकलेल्या चेन, आखूड करायच्या पँटी, पडदे, गाद्यांच्या खोळी, जे येईल ते ती शिवून द्यायची. शिवताना तोंडात सदा चार टाचण्या धरलेल्या. म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात नणंदेने तिला टाचणी म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळ्या गल्लीने ते नाव उचललं. खरं नाव आता फक्त दुकानाच्या पाटीवर होतं, आणि तेही उन्हाने पुसत चाललं होतं.

मग एका दुपारी एक नाचणारी मुलगी आपला झगा घेऊन आली. झग्याच्या घेराला आतून बारीक बारीक दिवे लावलेले होते. गिरकी घेतली की ते उजळायचे. शिवण तेवढी हातभर उसवली होती.

"संध्याकाळी कार्यक्रम आहे मावशी, होईल ना?"

"चहा पिऊन ये. तोवर तयार."

टाचणीने घेर उलटा केला. शिवणीत एक ताठ तार हाताला लागली. घेर फुगून राहावा म्हणून घातली असेल, असं तिला वाटलं. टाक्याच्या आड येत होता तेवढा तुकडा तिने कात्रीने कापून टाकला आणि शोधूनही सापडणार नाहीत असे टाके घातले. मुलीने झगा अंगाला लावून गिरकी घेतली. एकही दिवा लागला नाही.

मुलगी रडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "असू दे मावशी, बिनदिव्यांची नाचेन," आणि गेली.

त्या रात्री टाचणीने ताट अर्धवटच सारलं. नवऱ्याने दोनदा विचारलं, तिने दोनदा "काही नाही" म्हटलं. नणंदेने मात्र काही विचारलं नाही. तिने सगळं आधीच खालच्या किराणावाल्याकडून ऐकलं होतं.

ही नणंद, म्हणजे टाचणीच्या भाषेत वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. पस्तीस वर्षं शाळेत भाषा आणि व्याकरण शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि भावाच्याच घरी राहत होत्या. नोकरी सुटली तरी लाल पेन सुटलं नव्हतं. वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, सोसायटीची नोटीस, कशातही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. चार दिवसांनी त्या वाचनालयातून एक कागद घेऊन आल्या.

"हे बघ. 'हात लावला की जागी होणारी कला. नवशिक्यांसाठी इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंगचा वर्ग, दर शनिवारी सकाळी.' पूर्ण कागदात एकही चूक नाही, म्हणजे माणसं भरवशाची दिसतात. दोघींची नावं घालून आले."

"दोघींची? वन्सं, मला विचारलंत तरी का?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. म्हणून तर नाही विचारलं."

वर्ग भरायचा वाचनालयाच्या मागच्या खोलीत. चार लांब टेबलं, खिडकीपाशी जुन्या मासिकांचे गठ्ठे, आणि समोर शिकवायला एक किडकिडीत गृहस्थ. आधी ते रेडिओ दुरुस्त करत, आता नाटकांसाठी दिव्यांची कामं करत. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीतल्या सॉकेटमध्ये पिन खोचली आणि चर्रकन ठिणगी उडाली. त्या क्षणापासून ते सगळ्यांचे ठिणगी सर झाले. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. उलट दुसऱ्या शनिवारी फळ्यावर स्वतःच ते नाव लिहिलं.

सरांनी प्रत्येकाच्या हातात मसुराच्या दाण्याएवढा एक दिवा ठेवला, एलईडी. त्याला दोन पाय. "लांब पाय धन, आखूड पाय ऋण. उलटा जोडलात तर दिवा रुसतो. आणि मध्ये हा रेझिस्टर हवाच, नाहीतर दिव्याला वीज सोसत नाही."

टाचणीने पाय बरोबर ओळखले, पण रेझिस्टर तेवढा विसरली. फट् झालं, जळका वास सुटला. सगळा वर्ग वळून बघू लागला. तिच्या डोळ्यांपुढे तो झगा आला आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"वा!" ठिणगी सर म्हणाले. "आजचा पहिला मान ताईंचा. अहो, दहा-बारा दिवे जळल्याशिवाय हात बसत नाही. घ्या, हा दुसरा."

दुसरा लागला. इवलासा लाल उजेड, पण टाचणी त्याच्याकडे अशी बघत राहिली की वन्संना तिला कोपराने ढोसावं लागलं.

पुढच्या आठवड्यात बोर्ड आला. पत्त्याच्या पानाच्या निम्मा, हिरवा, मधोमध एक काळा चौकोन. "हा मायक्रोकंट्रोलर," सर म्हणाले. "अगदी छोटा संगणक. याला मेंदू आहे, पण अक्कल नाही. आपण सांगू तेवढंच करतो आणि सांगू तसंच करतो."

"म्हणजे आमच्या ह्यांच्या अगदी उलट," टाचणी पुटपुटली.

सांगायचं कसं, तर लॅपटॉपवर ओळी लिहून. दिवा लाव, एक सेकंद थांब, दिवा विझव, एक सेकंद थांब, पुन्हा पहिल्यापासून. इथे मात्र टाचणीचं गाडं अडलं. एका बोटाने एकेक अक्षर शोधता शोधता तिचा जीव मेटाकुटीला आला, आणि एवढं करून पडद्यावर लाल अक्षरांत चूक उमटली. तिने चारदा तपासलं. वन्संनी चष्मा सरकवला, मान पुढे काढली आणि दोन सेकंदांत बोट ठेवलं.

"तिसऱ्या ओळीच्या शेवटी अर्धविराम नाही."

"एवढ्याशा टिंबासाठी अडून बसलंय?"

"अडणारच!" वन्संचा आवाज चढला आणि चेहरा असा उजळला की टाचणीने तो तसा कधी पाहिला नव्हता. "पस्तीस वर्षं घसा कोरडा केला, अर्धविराम द्या, अर्धविराम द्या. एका कार्ट्याने दिला नाही. शेवटी कुणीतरी भेटलं बाई, ज्याचं त्याच्यावाचून चालतच नाही!"

त्या दिवसापासून वाटणी ठरली. हातांचं काम टाचणीचं, ओळींचं वन्संचं. अर्थात वाटणी ठरली म्हणजे भांडणं थांबली असं नव्हे. टाचणीचं म्हणणं, वन्सं नुसत्या उंटावरून शेळ्या हाकतात. वन्संचं म्हणणं, टाचणीला कंस उघडता येतो पण मिटता येत नाही. नवऱ्याने दोघींच्या मधून वाट काढत आपला चहाचा कप स्वयंपाकघरात नेऊन प्यायला सुरुवात केली.

पाचव्या शनिवारी ठिणगी सरांनी पिशवीतून एक रीळ काढलं. राखाडी, थोडा चमकणारा दोरा. "हा साधा दोरा नाही. यातून वीज जाते. कापडावर शिवला की हीच तार."

टाचणीने रीळ हातात घेतलं, दोरा दोन बोटांत चोळून पाहिला, जरा पीळ सोडवला. सुईत ओवायला तिला बघावंसुद्धा लागलं नाही. बाकीचे अजून दोऱ्याचं टोक शोधत होते, तोवर तिने फेल्टच्या तुकड्यावर तीन दिवे टाचले होते. पुढून टाके सरळ, मागून त्याहून सरळ, कुठेही एक दोरा दुसऱ्यावरून गेलेला नाही. सरांनी तुकडा उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"ताई, हे तुम्हाला कुणी सांगितलं? दोरे एकमेकांना लागले की वीज भलत्या वाटेने जाते, हे मी अजून शिकवलंच नव्हतं."

"त्यात काय सांगायचं? मागून गुंता असेल तर पुढून कधी ना कधी चोळामोळा होतोच."

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने काहीतरी करून दाखवायचं होतं. हात लावला की दाद देईल असं. काय करावं, हे टाचणीला सुचेना. ते सुचवलं दातांच्या डॉक्टरणीने. लहान मुलांचे दात बघणारी ही डॉक्टर दुकानात पडदे शिवायला टाकून गेली होती. पडद्यांवर हसरे ससे होते.

"सशांनी काही होणार नाही म्हणा," ती उसासा टाकत म्हणाली. "बाहेरच्या खोलीत एकाने भोकाड पसरलं की बाकीचे सूर धरतात. माझ्या खुर्चीपर्यंत पोचतात ते तोंड घट्ट मिटूनच."

टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "तुमच्या त्या खोलीतली एखादी भिंत मोकळी आहे का हो?"

अशी मगर जन्माला आली. दोन हात लांब, हिरव्या जाड कापडाची, पोटात कापूस, जबडा सताड उघडा. आत आठ पांढरेशुभ्र दात, प्रत्येकाच्या टोकाला तो राखाडी दोरा भरलेला. दात धरला की दोऱ्यातून बोर्डाला कळायचं आणि मगरीच्या घशातल्या स्पीकरमधून आवाज यायचा. सहा दातांना सहा सूर दिले. सातवा किडका, तपकिरी ठिपक्याचा. तो दाबला की मगर कण्हणार. त्यासाठी नवऱ्याला बोलावण्यात आलं, कारण गुडघा धरून तो कण्हायचा तसं घरात कुणालाच जमत नव्हतं.

"अहो, जरा मनापासून," टाचणी म्हणाली.

"मनापासूनच करतोय. गुडघा खरंच दुखतोय."

आठव्या दाताचं काम वन्संनी स्वतःकडे घेतलं. फोन तोंडापाशी धरून त्यांनी आपल्या वर्गातल्या आवाजात एकच वाक्य ठणकावलं, "दात घासलेस का? खरं सांग!" स्वयंपाकघरात नवऱ्याच्या हातून चमचा पडला.

घरच्या भिंतीवर मगर तीन दिवस लटकली. शेजारच्यांनी येऊन हात लावला, पेपरवाल्याने लावला, वीजमीटर बघायला आलेल्या माणसाने तर सहा सुरांवर कसलीशी चाल वाजवून दाखवली. सगळं कसं झकास.

आणि रविवारी सकाळी, दवाखाना बंद असताना, दोघींनी ती डॉक्टरणीच्या बाहेरच्या खोलीत नेऊन टांगली. डॉक्टर आपल्या दोन मुलींना मुद्दाम घेऊन आली होती. वन्संनी भाषण करण्याच्या बेतात घसा खाकरला आणि टाचणीने बटण दाबलं.

कुणीही हात न लावता आठही दात एकदम सुरू झाले. सहा सूर एकमेकांवर आदळू लागले, मध्ये नवरा कण्हू लागला, आणि सगळ्यांवर कडी करत वन्संचा आवाज, "दात घासलेस का? खरं सांग! दात घासलेस का? खरं सांग!" धाकटी मुलगी किंचाळून आईच्या मागे लपली. थोरलीने हात वर करून कबूल केलं, "आज नाही घासले!"

टाचणीने झटकन बटण बंद केलं.

"भिंतीत काहीतरी दोष आहे," वन्सं म्हणाल्या.

"नाचता येईना अंगण वाकडं," टाचणी तोंडातल्या तोंडात म्हणाली, पण तिला तो बिनदिव्यांचा झगा आठवला. पुन्हा दुसऱ्याच्या दारात, पुन्हा आपल्या हातून. मगर काखेत मारावी आणि घरी जावं, असं तिला मनापासून वाटलं.

डॉक्टर चांगल्या मनाची. "राहू द्या ताई, नुसती शोभेची म्हणूनही छान दिसेल."

हे 'राहू द्या' मात्र टाचणीला झोंबलं. तिने खुर्ची ओढली आणि पर्स बाकावर ठेवली. "आज तुम्हाला घाई आहे का डॉक्टर? नाही ना? मग आम्ही बसतो जरा."

तिने ठिणगी सरांना फोन लावला. सर कुठेतरी शिडीवर होते, मागे ठोकाठोक ऐकू येत होती. "मी काही सांगत नाही ताई," ते ओरडून म्हणाले. "एवढंच करा. दाताकडून बोर्डाला काय आकडा येतोय तो बघा. हात लावून, आणि हात न लावता." आणि फोन कट झाला.

वन्संनी पिशवीतून लॅपटॉप काढून जोडला. पडद्यावर आकडे धावू लागले. घरी हात न लावता वीसच्या आसपास येत आणि लावला की ऐंशी. म्हणून वन्संनी ओळीत लिहिलं होतं, पन्नासच्या वर गेलं की वाजव. इथे कुणीही हात न लावता पासष्ट येत होते.

"हिला वाटतंय, हात लावलेलाच आहे," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या.

टाचणीने भिंतीवर बोटांनी टकटक केली. मग शेजारच्या भिंतीवर. आवाज वेगळा होता. "डॉक्टर, या भिंतीच्या आत काय आहे?"

"पलीकडे एक्स-रेची खोली आहे ना. किरण बाहेर येऊ नयेत म्हणून आत शिशाचा पत्रा बसवलाय."

"पत्रा! म्हणजे मघापासून पत्राच हिच्या दातांना हात लावून बसलाय."

डॉक्टरच्या खोलीत फोमची एक जुनी गादी होती. ती मागून अस्तरासारखी लावून पाहिली. आकडे पासष्टाचे पंचावन्न झाले, त्याखाली येईनात. दुसरी मोकळी भिंत नव्हती.

"पन्नासच्या जागी सत्तर लिहिते," वन्सं म्हणाल्या.

"आणि उद्या पावसाळी हवेने पंच्याहत्तर झाले, परवा कुणी खुर्ची सरकवली नि पंचेचाळीस झाले, की पुन्हा आपण यायचं?" टाचणी उठून उभी राहिली. हे सांगताना तिला शब्द शोधावे लागले नाहीत. "वन्सं, आपण चुकलो कुठे सांगू? घरच्या भिंतीचं माप घेतलं आणि कपडा या भिंतीला घातला. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की आधी टेप लावायची, मग कात्री. हिला सांगा, बटण दाबलं की आधी गप्प बसून स्वतःच माप घे. प्रत्येक दाताचं वेगळं. आणि त्या मापाच्या वर वीसभर चढलं, तरच तोंड उघड."

वन्संनी लॅपटॉप मांडीवर ओढला. "प्रत्येक दाताचं एकदा, की दहादा घेऊन सरासरी?"

"दहादा. एका मापावर मी कुणाची पँटही कापत नाही."

दीड तास गेला. मधल्या वेळात दोनदा चुका आल्या आणि एकदा वन्सं स्वतःच एक अर्धविराम विसरल्या. टाचणीने तो दाखवला, पण वर एक शब्द बोलली नाही. डॉक्टरच्या मुली आता जमिनीवर बसून मगरीला कोणकोणते रोग असतील याची यादी करत होत्या.

बटण दाबलं. मगर गप्प. एक, दोन, तीन, चार. गप्पच. थोरलीने भीत भीत एक बोट पुढे केलं. टुण्ण, पहिला सूर. मग दुसरा. पाचवा दात मात्र काही केल्या वाजेना.

"हा का मुका?" वन्संनी कपाळावर हात मारला.

टाचणीने इकडेतिकडे पाहिलं. धाकटीने पाचवा दात मघापासून मुठीत धरून ठेवला होता. माप घेतानाही तिची मूठ तिथेच होती.

"ही पोट आत ओढून माप देणाऱ्यातली!" टाचणी खो खो हसत सुटली. "सोड ग राणी, आता पुन्हा बटण दाबू, आणि हिचं माप होईपर्यंत हात पाठीमागे."

या वेळी आठही दात बोलले. किडक्या दातावर मगर अशी कण्हली की डॉक्टर म्हणाली, "याला रूट कॅनल लागणार."

सोमवारपासून मगर कामावर रुजू झाली. बुधवारी टाचणी उरलेले पडदे पोचवायला गेली, वन्संही बरोबर होत्या, उगाचच. खोलीत पाच मुलं होती आणि पाचही जबड्यापाशी. रडायला कुणाला सवड नव्हती. डॉक्टरची आता उलटी तक्रार होती. मुलं आत यायला तयार नसतात, कारण त्यांचा सूर अर्धा राहिलेला असतो. पण आत आली की तोंड मात्र मगरीसारखं उघडतात. शेवटचं मूल आत गेल्यावर बाकावर एकटा राहिला तो त्याचा बाप, टाय लावलेला, भारदस्त. त्याने दारं-खिडक्यांकडे पाहिलं, कुणी नाही असं बघून उठला आणि हळूच आठवा दात दाबला.

"दात घासलेस का? खरं सांग!"

"हो बाई," तो भारदस्त माणूस म्हणाला आणि चटकन जागेवर जाऊन बसला. आतल्या दाराच्या पडद्याआड टाचणीने वन्संचं तोंड दाबून धरलं आणि वन्संनी टाचणीचं.

पुढच्या शनिवारी ठिणगी सरांनी सगळी हकिकत ऐकून घेतली. मग त्यांनी हातातला खडू टेबलावर ठेवला आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले.

"आज दोऱ्याचा धडा ताई घेतील."

"मी? अहो सर, मला कुठे बोलता येतं लोकांपुढे?"

"बोलू नका. शिवा. आम्ही बघतो."

टाचणी फळ्यापाशी गेली नाही. तिने मधलं टेबल ओढलं, सगळ्यांना भोवती बसवलं आणि रीळ फिरवलं. नऊ माणसं, नऊ सुया. पहिली वीस मिनिटं सुईत दोरा ओवण्यातच गेली. ती प्रत्येकाच्या मागे जाऊन हात धरून दाखवत होती, टोक तिरपं काप, ओलं करू नकोस, एवढा लांब घेऊ नकोस, गुंतेल. वन्सं कोपऱ्यात बसून आपल्या वाकड्या टाक्यांकडे रागाने बघत होत्या. ठिणगी सरांनी तिसऱ्यांदा बोटाला सुई टोचून घेतली आणि दोऱ्याचा एक प्रचंड गुंता वर धरून विचारलं, "ताई, याचं काय करायचं?"

"उसवा, आणि पुन्हा घाला," टाचणी तोंडातल्या टाचण्यांच्या आडून म्हणाली. "दहा-बारा वेळा उसवल्याशिवाय हात बसत नाही सर."